जुन्या विज्ञानपटांनी उद्याचं तंत्रज्ञान खरंच ओळखलं होतं का?

जुनीरीळ

परवा रात्री '२००१: अ स्पेस ओडिसी' परत बघितला. कॉलेजात असताना बघितला होता तेव्हा सगळा डोक्यावरून गेला होता. ह्या वेळी एका सीनला पॉज केलं आणि बराच वेळ नुसता पडद्याकडे बघत बसलो. दोन अंतराळवीर जेवतायत, दोघांसमोर टेबलावर पातळ चपटे पडदे ठेवलेत, त्यावर बीबीसीने घेतलेली त्यांचीच मुलाखत चालू आहे, आणि दोघं शेजारी बसून एकमेकांशी एक शब्द न बोलता आपापल्या पडद्याकडे बघत घास घेतायत. पिक्चर १९६८ चा आहे! टॅब्लेट दाखवला ते तर आहेच (२०११ साली सॅमसंगने ॲपलबरोबरच्या पेटंटच्या भांडणात हा सीन कोर्टापुढे ठेवला होता, की बघा ही कल्पना तुमच्याआधीची आहे) पण मला जास्त लागलं ते त्यांचं गप्प बसणं.

आणि त्याच पिक्चरमध्ये पुढे काय, तर हॅल नावाच्या कॉम्प्युटरची मेमरी एवढी मोठी की माणूस त्या खोलीत शिरून तरंगत तरंगत एकेक मॉड्यूल किल्लीने सैल करतो. म्हणजे पडदा पातळ होईल हे कळलं, पण मेंदू लहान होईल हे नाही कळलं. एकाच दिग्दर्शकाला, कुब्रिकला, एकाच पिक्चरमध्ये.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. नेटवर ह्या विषयावर ज्या याद्या असतात, हे खरं ठरलं ते खोटं ठरलं, त्या वाचून माझं समाधान होत नाही, कारण त्यात 'का' नसतं. माझं मत असं झालंय की जुन्या विज्ञानपटांनी वस्तू बऱ्याचदा ओळखली, पण ती वस्तू कुठे राहणार हे जवळजवळ कधीच ओळखलं नाही. भिंतीवर, टेबलावर, बूथमध्ये, यानाच्या पोटात, सगळीकडे ठेवून बघितली. खिशात कोणी ठेवली नाही.

तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं द्या, पण कारणासकट द्या.

दुर्बीण

छान धागा. मी थोडं मागे नेतो. १९२९ चा फ्रिट्झ लांगचा मूकपट आहे, 'फ्राउ इम मोंड', म्हणजे चंद्रावरची बाई. जमलं तर बघाच. रॉकेट एका प्रचंड इमारतीत उभंच जोडतात आणि मग उभंच्या उभं रुळांवरून बाहेर आणतात. टप्प्याटप्प्याचं रॉकेट आहे, जळून संपलेला भाग गळून पडतो. उड्डाणाच्या वेळी माणसं आडवी झोपलेली आहेत कारण उभ्या माणसाला तो दाब सोसणार नाही. वजन नाहीसं झाल्यावर पाय अडकवायला जमिनीवर पट्टे आहेत. हे सगळं कुठून आलं, तर हेर्मान ओबेर्थ नावाचा खरा रॉकेटशास्त्रज्ञ लांगने सल्लागार म्हणून घेतला होता. अमेरिकेतल्या गोडार्डचं द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती हे लक्षात घ्या.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे उलटी मोजणी. पिक्चर मुका आहे, त्यामुळे पडद्यावर पाटी येते, अजून १० सेकंद, मग ६, ५, ४, ३, २, १, आणि 'आत्ता'. लांगने नंतर स्वतःच सांगितलंय की सरळ मोजलं तर प्रेक्षकाला कळणार नाही कधी थांबायचं, उलटं मोजलं की शून्य येतंय हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे प्रेक्षकांचा श्वास रोखायला काढलेली युक्ती, आणि आज रॉकेट उडताना बहुतेक ठिकाणी मोजणी उलटीच.

पण ह्याच पिक्चरमध्ये चंद्रावर उतरल्यावर काडी पेटवून बघतात, हवा आहे, की लगेच हेल्मेट काढून चालायला लागतात. एवढं सगळं नीट करून इथे माती खाल्ली ह्याचं मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

अर्धविराम

मग दुर्बीण, उलट्या मोजणीला भाकीत म्हणायचं का? मला तर हे सरळ उलटं वाटतं. पिक्चरने उद्या काय होणार ते सांगितलं नाही, उद्या कसं करायचं ते शिकवलं. जी मुलं तो पिक्चर बघून वेडी झाली तीच पुढे रॉकेटं बनवायला गेली. जर्मनीच्या व्ही-२ रॉकेटचं पहिलं यशस्वी उड्डाण १९४२ मध्ये झालं तेव्हा रॉकेटच्या बुडाशी ह्याच पिक्चरचं चित्र रंगवलेलं होतं. तसलीच रॉकेटं पुढे शहरांवर पडली, माणसं मेली, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर आपण नुसतं कौतुक करत बसू.

जुनीरीळ

अर्धविराम, हा मुद्दा मनापासून पटला. मी भाकीत हा शब्द फार सहज वापरला. पण एक फरक करायला हवा. उलटी मोजणी लांगकडून आली, टप्प्यांचं रॉकेट मात्र ओबेर्थने आधीच गणित करून मांडलेलं होतं. म्हणजे एकाच पिक्चरमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एक शास्त्रज्ञाने सांगितलेली, एक कथेच्या गरजेतून सुचलेली आणि एक सोयीसाठी ढकललेली. हवा तिसऱ्यातली, कारण हेल्मेटात नट-नटीचे चेहरे दिसत नाहीत.

हिरवा_दिवा

'कुठे राहणार' ह्या मुद्द्याला माझ्याकडून व्हिडिओ कॉलची पूर्ण साखळी देतो, कारण ह्याच्याइतका अंदाज दुसऱ्या कशाचा केला नसेल.

१९२७, 'मेट्रोपोलिस'. शहराचा मालक भिंतीवरच्या यंत्रापुढे उभा राहतो, खटके फिरवतो, चित्र येतं, आणि खालच्या यंत्रघरातल्या मुकादमाला हुकूम देतो. मालक वर, मुकादम खाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे व्हिडिओ कॉल म्हणजे गप्पा नाहीतच, हुकूम सोडायचं यंत्र आहे.

१९३६ मध्ये जर्मनीत बर्लिन आणि लाइपझिगमध्ये पोस्टात जाऊन बूथमध्ये बसून खरोखर व्हिडिओ कॉल करता यायचा! युद्धात बंद पडलं. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एटीअँडटी ह्या फोन कंपनीने पिक्चरफोन दाखवला, १९७० मध्ये पिट्सबर्गला रीतसर सेवा चालू केली, आणि ती चालली नाही. यंत्र होतं, तारा होत्या, लोकांनी घेतलंच नाही. महाग होतंच, पण समोरच्याकडेही तेच यंत्र हवं ना.

मग '२००१' मध्ये अंतराळस्थानकावर बूथ. 'ब्लेड रनर' १९८२ चा, गोष्ट घडते नोव्हेंबर २०१९ मध्ये, उडत्या गाड्या आहेत, माणसासारखी माणसं बनवलीत, आणि नायक बारमधल्या भिंतीवरच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करतो, बोलणं संपल्यावर पडद्यावर आकडा येतो, सव्वा डॉलर. खऱ्या नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या बारमधल्या प्रत्येक माणसाच्या हातात फोन असता. मला वाटतं चित्र दिसणं ही जादू त्यांना कळली होती, पण वेळेचे पैसे लागणार नाहीत, आणि फोन जागेचा न राहता माणसाचा होईल, ह्या दोन गोष्टी कल्पनेच्या पलीकडे होत्या.

काठावरचा

+१. फोन जागेचा न राहता माणसाचा, हे वाक्य लिहून ठेवलंय.

सर्किट

मी इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस, तर 'मेंदू लहान होईल हे का कळलं नाही' ह्याच्यावर थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

'२००१' बनत होता तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं, आणि जास्त हुशार कॉम्प्युटर म्हणजे जास्त कपाटं, असंच डोळ्यांना दिसत होतं. ट्रान्झिस्टर १९४७ चा, एका चकतीवर पूर्ण सर्किट बसवायची युक्ती १९५८ ची, चिपवर मावणारे भाग ठरावीक काळात दुप्पट होत जातील असं सांगणारा गॉर्डन मूरचा तो प्रसिद्ध लेख १९६५ चा. म्हणजे माहिती होती, पण ती अशा मासिकांत होती जी सिनेमावाले वाचत नव्हते. आणि गंमत म्हणजे खऱ्या अपोलो यानातला कॉम्प्युटर त्याच काळात तयार झाला होता, साधारण ३२ किलोची पेटी. त्याची बदलती मेमरी २०४८ शब्दांची, आजच्या हिशोबात सुमारे ४ केबी. '२००१' एप्रिल १९६८ मध्ये लागला, आणि ही पेटी घेऊन माणसं ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ मधून वर गेली. पिक्चरवाल्यांच्या शेजारच्या खोलीतच उत्तर होतं म्हणा ना.

आता उलट बाजू बघा. प्रवासाचा वेग. राइट बंधू १९०३, चंद्रावर माणूस १९६९. सहासष्ट वर्षं! एकाच माणसाच्या आयुष्यात बसतं हे. त्या काळात जगणाऱ्याने पुढची तीस वर्षं त्याच चढाने वर जातील असं धरलं तर त्याला दोष कसा देणार? म्हणून चंद्रावर वसाहत, गुरूपर्यंत माणसं, अंतराळात पॅन ॲमचं विमान. प्रत्यक्षात डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ परत आलं आणि मग अर्धशतक चंद्राच्या जवळपास कोणी गेलं नाही. पॅन ॲम कंपनीच १९९१ मध्ये बुडाली.

थोडक्यात काय, तर प्रत्येक काळातला सिनेमा त्या काळात जे सगळ्यात जोरात धावत होतं तेच पुढे ओढतो. तेव्हा वाहनं धावत होती. जे हळूच लहान होत होतं त्याच्याकडे कॅमेरा गेला नाही, कारण लहान होणं पडद्यावर दिसत नाही.

निळीशाई

सर्किट, सुंदर लिहिलंत. पण लहान होण्यावरच एक अख्खा पिक्चर आहे. १९६६ चा 'फँटॅस्टिक व्हॉयेज'. पाणबुडीसकट डॉक्टरांना सूक्ष्म करून आजारी माणसाच्या रक्तात सोडतात, ६० मिनिटांत काम करून बाहेर यायचं. माणूस लहान करणं अशक्य हे कोणीही सांगेल. पण 'बाहेरून कापण्यापेक्षा आत जाऊन बघू' ही कल्पना टिकली.

मी पोटविकाराच्या विभागात काम करते. गिळायचा कॅमेरा असतो, कॅप्सूल, साधारण ११ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर लांब, मोठी गोळीच. अमेरिकेत ह्याला २००१ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीची कॅप्सूल सेकंदाला दोन फोटो काढायची आणि जवळजवळ आठ तास चालायची, म्हणजे हजारो फोटो. लहान आतड्याच्या मधल्या भागात तोपर्यंत सहज बघताच येत नव्हतं. मी पहिल्यांदा ते फोटो एकामागून एक बघितले ना, ओल्या गुलाबी भिंती, केसांसारखी लव हलतेय, मध्येच एक बुडबुडा येऊन सगळं झाकून टाकतो, तेव्हा मला तो पिक्चर आठवला आणि खरं सांगते, गळा दाटून आला. पिक्चरमध्ये पाणबुडीला सुकाणू होतं. आमची कॅप्सूल मात्र आतडं नेईल तिकडे जाते. आमच्याकडे तेवढं अजून बाकी आहे.

दुर्बीण

निळीशाई, हा प्रतिसाद वाचून धागा वसूल.

तिसरी_घंटा

फॅक्स कसा विसरता तुम्ही लोक! 'बॅक टू द फ्युचर २', १९८९ चा, जातात २१ ऑक्टोबर २०१५ ला. भिंतीवर मोठा चपटा टीव्ही बरोबर, व्हिडिओ कॉल बरोबर, अंगठ्याने दार उघडणं बरोबर, टॅक्सीचे पैसे अंगठ्याने देणं जवळजवळ बरोबर, बातमीसाठी फोटो काढणारं उडतं यंत्र बरोबर. आणि नायकाला नोकरीवरून काढल्याचं पत्र कशावर येतं? घरातल्या फॅक्सवर. कारण १९८९ मध्ये ऑफिसांमध्ये सगळ्यात नवीन आणि जोरात वाढणारी वस्तू तीच. सर्किट म्हणतात तेच झालं, धावणाऱ्या घोड्यावर पैसे लावले. इंटरनेटचा मात्र मागमूस नाही.

अर्धविराम

इंटरनेट हा शब्द नाही पण ती भीती १९८३ च्या 'वॉरगेम्स' मध्ये आहे. पोरगा मोडेमवर फोनचा रिसीव्हर ठेवतो, ओळीने नंबर फिरवत बसतो, कुठे कॉम्प्युटर उचलतोय ते शोधतो, शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये घुसून मार्क बदलतो, आणि तसंच फिरता फिरता लष्कराच्या यंत्रात शिरतो. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन, त्यांनी हा पिक्चर बघितला आणि आपल्या सेनाप्रमुखांना विचारलं की असं खरंच होऊ शकतं का. काही दिवसांनी उत्तर आलं की परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून वाईट आहे. पुढच्या वर्षी, १९८४ मध्ये, सरकारी कॉम्प्युटरच्या सुरक्षेबद्दल अध्यक्षांचा अधिकृत आदेश निघाला. माझ्यासाठी विज्ञानपटाचं खरं काम हे आहे. बरोबर निघणं नाही, वेळेवर घाबरवणं.

पडद्यामागचा

कोणी मेट्रोपोलिसच्या रोबोटबद्दल आणि हॅलबद्दल एकत्र बोलत नाहीये म्हणून लिहितो. मी बोलणं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं काम केलंय.

जुन्या पिक्चरमध्ये यंत्राला जे सोपं वाटतं ते प्रत्यक्षात अवघड निघालं आणि अवघड वाटलं ते सोपं. १९२७ च्या रोबोटला चालताना काही त्रास होत नाही. खरं तर दोन पायांवर, न पडता, चालवणं ह्याला कित्येक दशकं गेली. हॅल बुद्धिबळात माणसाला हरवतो, ही हुशारीची खूण म्हणून दाखवलीय (कुब्रिक स्वतः बुद्धिबळाचा वेडा, तो डाव १९१० मध्ये हॅम्बर्गला खरोखर खेळलेला आहे). बुद्धिबळ १९९७ मध्येच संपलं, डीप ब्लू ह्या कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. पण त्या डीप ब्लूशी तुम्ही 'आज बरं वाटत नाही रे' एवढंसुद्धा बोलू शकत नव्हता. साधं बोलणं समजणं हे बुद्धिबळापेक्षा कितीतरी अवघड निघालं. आम्ही सुरुवातीला एका खोलीतला पंखा चालू केला की सिस्टिम गडबडायची, मागे कोणी खोकलं की भलताच शब्द यायचा, आणि घरी जाऊन मी हॅलला दोन माणसांचे ओठ वाचताना बघायचो.

पण हॅलचा आवाज. शांत, सौम्य, न चिडणारा. बाकीच्या पिक्चरमध्ये रोबोट खडखडत बोलायचे, हा असा बोलतो की आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. आजच्या सगळ्या बोलक्या यंत्रांचा सूर तोच आहे. आणि शेवटी मॉड्यूल निघत जातात तसा तो हळू होत होत 'डेझी बेल' गातो, ते गाणं १९६१ मध्ये बेल लॅब्समध्ये आयबीएम ७०४ ने खरंच गायलं होतं, कुब्रिकबरोबर '२००१' ची कथा लिहिणाऱ्या क्लार्कने ते तिथे जाऊन ऐकलं होतं. म्हणजे भविष्यातल्या यंत्राच्या तोंडी त्यांनी यंत्राच्या बालपणातलं गाणं घातलं. मला अजून तो सीन पूर्ण बघवत नाही.

काठावरचा

२००२ चा 'मायनॉरिटी रिपोर्ट' जुन्यात धरणार असाल तर, हवेत हात हलवून पडदा चालवायचा सीन. आम्ही एका प्रकल्पात तसं करून बघितलं होतं. बघायला अप्रतिम. दहा मिनिटांत खांदे भरून येतात. नट दोन मिनिटांचा शॉट देतो, आपल्याला आठ तास काम करायचं असतं.

अनुस्वार

धागा सगळा वाचला, फार आवडला. एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. यंत्रांचा अंदाज जमला तरी माणसांचा जमत नाही. '२००१' मध्ये स्थानकावर ज्या बायका शास्त्रज्ञ आहेत त्या रशियन. अमेरिकेच्या बाजूच्या बायका बहुतेक ट्रे घेऊन जाताना दिसतात, नाहीतर स्वागतकक्षात. रशियाची तेरेश्कोव्हा १९६३ मध्येच अंतराळात जाऊन आली होती! ह्याच्या उलट तुमच्या १९२९ च्या पिक्चरमधली ती फ्रीडे, खगोलशास्त्र शिकलेली, चंद्रावर स्वतः कॅमेरा चालवते. चाळीस वर्षं जुना पिक्चर ह्या बाबतीत चाळीस वर्षं पुढे.

आणि जुनीरीळ, तुम्ही खिशाचं म्हणालात ना, कोणी ठेवला नाही म्हणून. तुमच्याच लाडक्या पिक्चरमध्ये एकीने मागितला होता. बूथचा सीन परत बघा. चंद्राकडे निघालेले डॉ. फ्लॉइड मुलीला फोन लावतात, तिचा वाढदिवस आहे आणि बाबा येऊ शकत नाहीयेत. मुलगी चुळबूळ करतेय, इकडे बघते, तिकडे बघते, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही, आज कुठल्याही लहान पोराला व्हिडिओ कॉलवर बसवलं की जसं होतं अगदी तसंच. (ती कुब्रिकची खरी मुलगी आहे.) बाबा विचारतात, वाढदिवसाला काय हवं? ती म्हणते, टेलिफोन. आणि बाबा म्हणतात, आपल्याकडे कितीतरी टेलिफोन आहेत की, दुसरं काहीतरी माग.

जुनीरीळ

अनुस्वार, आत्ता परत लावून बघितला तो सीन. तीनदा.

खरंच आहे. चंद्राकडे निघालेला, अख्ख्या मोहिमेची माहिती असलेला माणूस, पृथ्वी मागे खिडकीत फिरतेय, आणि त्याला वाटतं घरात फोन भरपूर आहेत म्हणजे प्रश्न मिटला. तिला घरातला नकोच आहे, तिला तिचा हवाय. पहिल्या पोस्टमधलं 'खिशात कोणी ठेवली नाही' हे माझं वाक्य मी मागे घेतो. मोठ्यांपैकी कोणी ठेवली नाही, असं वाचा.

कॉल संपतो तेव्हा पडद्यावर बिल येतं, एक डॉलर सत्तर सेंट. तिने नंतर मागितलेली वस्तू म्हणजे एक छोटं जनावर, बुशबेबी. त्यालाही बाबा बघू म्हणतात.

दुर्बीण

मी आज रात्री 'फ्राउ इम मोंड' परत लावतोय, फ्रीडेचा कॅमेऱ्याचा सीन मी आजवर नुसता पुढे ढकललाय. बघून इथेच लिहितो.